रूट कॅनल करून घेण्याआधी : आमच्या पेशंटसाठी माहिती

रात्री उशीवर डोकं टेकलं की दाढ ठणकते, गरम चहाच्या घोटाने उठलेली कळ लवकर थांबत नाही. असं होत असेल तर कीड बहुधा आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. मग नुसतं सिमेंट भरून भागत नाही. दाढ काढायची, नाहीतर रूट कॅनल करून, म्हणजे आतली सडलेली नस काढून ती जागा भरून, राखायची. राखता येण्यासारखी असेल तर राखावीच, असं आमचं मत आहे.

मिश्री लावून किंवा लवंगेचं तेल लावून ठणका दबतो, कीड तशीच राहते. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकचंही तेच. औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही.

आधी एक्स-रे, मग भूल. सुई टोचते तेवढंच. सूज जास्त असेल तर भूल कधी कधी नीट चढत नाही. दुखलं की हात वर करा, आम्ही थांबून पुन्हा भूल देतो. वरून छिद्र पाडून सडलेली नस बारीक फाइलने काढतो. ब्लीचिंग पावडरसारखा वास आला तर घाबरू नका, ते जंतू मारायचं औषध आहे. नस दाताच्या मुळातल्या बारीक नळीत असते. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी, खालच्या दाढेला सहसा 3, वरच्या पहिल्या दाढेला अनेकदा 4. म्हणून दाढेला वेळ लागतो. नळ्या स्वच्छ झाल्या की त्यात गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) भरतो. पू असेल तर आत औषध ठेवून पुन्हा बोलावतो.

खानापूर-निपाणीकडून बसने येणाऱ्यांना खास विनंती : ठणका थांबला म्हणून पुढची खेप चुकवू नका. तात्पुरतं सिमेंट झिजतं, लाळ आत झिरपते आणि जंतू परत शिरतात. दाढेला कॅपही (वरून बसवायचं टोपण) लागतेच. ती बसेपर्यंत त्या बाजूने भडंग, शेंगदाणे चावू नका. दाढेला मुळापर्यंत चीर गेली तर ती बहुधा काढावीच लागते.

भूल 2-3 तास राहते. तोवर काही चावू नका, गाल चावला जातो. पुढे 2-3 दिवस चावताना थोडं दुखेल. पण गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर लगेच या; रात्र असेल तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

शुगर, बीपी, गरोदरपण, औषधाची अ‍ॅलर्जी आधी सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. येताना जेवून या, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा आणि कॅपचा खर्च पहिल्याच दिवशी विचारून घ्या.