आधी कोणत्या पेशंटकडे? नर्सिंगच्या एका प्रश्नामागचा इतिहास

मिरज-सांगलीत नर्सिंग शिकून परदेशी जायची इच्छा असलेली मुलं-मुली एनक्लेक्सच्या, म्हणजे अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठी लागणाऱ्या परीक्षेच्या, तयारीला बसतात, तेव्हा एका प्रकारच्या प्रश्नावर हमखास अडतात. चार पेशंट आहेत, चौघांनाही काहीतरी होतंय, तर आधी कोणाकडे जाल? चारही पर्याय बरोबरच वाटतात. परीक्षेत हा प्रश्न यायला फार वर्षं लागली, कारण नर्सने स्वतः काही ठरवावं हेच उशिरा मान्य झालं.

तातडीप्रमाणे क्रम लावणं तसं जुनंच. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लारे जखमींना हुद्द्यावरून नव्हे, तर जखम किती गंभीर आहे यावरून आधी-नंतर घ्यायचा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षण सुरू केलं आणि निरीक्षणाला नर्सिंगचा पाया मानलं. पण पाहिलेल्याचा अर्थ लावायचा अधिकार पुढेही बराच काळ डॉक्टरांकडेच राहिला. सिस्टरने टीपीआर (ताप, नाडी, श्वास) लिहायचा, डॉक्टरांची ऑर्डर पाळायची.

आपल्या भागात मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं आणि पुढे मिरज वैद्यकीय शिक्षणाचं गावच झालं. देशात मात्र नर्स फारच कमी होत्या. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने ४३,००० लोकसंख्येमागे एक नर्स असं चित्र मांडलं होतं. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. एवढ्या टंचाईत एकेका सिस्टरला पूर्ण वॉर्ड सांभाळावा लागायचा, म्हणजे क्रम ती लावतच होती. फक्त त्याला कोणी विद्या म्हणत नव्हतं, आणि मला हा मोठा अन्याय वाटतो.

ती विद्या आहे हे अमेरिकेत हळूहळू कागदावर आलं. १९५५ मध्ये लिडिया हॉल यांनी नर्सिंग ही एक प्रक्रिया आहे असं मांडलं, १९६१ मध्ये आयडा ऑर्लँडो यांनी तो विचार पुढे नेला. १९७३ मध्ये सेंट लुईसच्या परिषदेत नर्सिंग डायग्नोसिसच्या, म्हणजे नर्सने स्वतः ओळखायच्या पेशंटच्या अडचणींच्या, याद्या करायला सुरुवात झाली. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की नवखी नर्स नियमावर चालते, तर मुरलेली नर्स समोरची परिस्थिती एका नजरेत ओळखते. क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये या विचाराचे चार टप्पे सांगितले: लक्षात येणं, अर्थ लावणं, प्रतिसाद देणं आणि नंतर त्यावर विचार करणं.

हे सगळं आपल्या कॅज्युअल्टीत कसं दिसतं ते बघा. पावसाळ्यात रात्री दोन पेशंट एकदम येतात. एकाला उसाच्या फडात घोणस चावलेली, पाय टम्म सुजलाय, तो ओरडतोय, नातेवाईकांचा गलका चाललाय. दुसरा जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखलं म्हणून उठला, अंगावर सूज नाही, चाव्याची खूणही धड दिसत नाही, नुसता गप्प पडलाय. पण त्याच्या पापण्या मिटायला लागल्यात. ही मण्यार चावल्याची लक्षणं. मण्यारचं विष मज्जातंतूंवर काम करतं. पापण्यांनंतर गिळणं जातं, मग श्वासाचे स्नायू थकतात. घोणसवाल्यालाही प्रतिविष लवकरच हवं, त्याच्या रक्ताच्या गोठण्याची तपासणी थांबवून चालत नाही. तरी सिस्टरचं पहिलं पाऊल त्या गप्प माणसाकडेच पडलं पाहिजे, कारण त्याचा श्वास कधीही बंद पडू शकतो. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. गलक्यात त्या पापण्या दिसणं हे खरं अवघड आहे.

परीक्षेला हेच मोजायचं होतं. एनक्लेक्स हे नाव १९८२ चं, संगणकावर ती १९९४ मध्ये गेली आणि एप्रिल २०२३ पासून तिचं नवं रूप आलं. आता एकाच पेशंटची हकीगत पुढे सरकत जाते आणि तिच्यावर सहा प्रश्न येतात: कोणती चिन्हं महत्त्वाची, त्यांचा अर्थ काय, सर्वांत तातडीची शक्यता कोणती, काय काय करता येईल, प्रत्यक्ष काय करायचं आणि त्याचा उपयोग झाला का. अर्धवट बरोबर उत्तरालाही काही मार्क मिळतात.

आपल्याकडे अशी वेगळी परीक्षा नाही. अभ्यासक्रम पास झाल्यावर राज्य परिषदेकडे नोंदणी होते. पण २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम आला, त्यात सिम्युलेशनला, म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी पुतळ्यावर किंवा बनवलेल्या प्रसंगावर सराव करायला, जागा आहे. मुलींनी तिथे सहाव्या प्रश्नाचा, म्हणजे उपयोग झाला का हे बघायचा, सराव जास्त करावा असं मला मनापासून वाटतं. प्रतिविष सुरू केलं, केस पेपरवर लिहिलं, की काम झालं असं वाटतं. पापण्या किती उघडतात, एका दमात किती आकडे मोजता येतात, हे थोड्या-थोड्या वेळाने परत बघायचं असतं आणि ड्यूटी संपून ओव्हर देताना पुढच्या सिस्टरला सांगायचं असतं.