नाटक, चित्रपट, मालिका: नटाच्या तारखांची पार्श्वभूमी

चालत्या मालिकेतून एखादा नट बाहेर पडला की 'वैयक्तिक कारण' छापून येतं. तोच नट चालत्या नाटकातून बाहेर पडला की 'चित्रीकरणाची व्यग्रता'. दोन्ही वाक्यांमागे बहुतेक वेळा तारखांचं, म्हणजे नटाने कामाचे कुठले दिवस कुणाला द्यायचे याचं, भांडण असतं. तिन्ही माध्यमांत वावरणाऱ्या नटाच्या कारकिर्दीवर लिहिताना भूमिका आणि पुरस्कार मोजले जातात. त्याची तारीख कधी कुणाच्या ताब्यात होती, हे क्वचितच पाहिलं जातं. कुठली भूमिका त्याला मिळाली आणि कुठली हुकली, याचा उलगडा मात्र बऱ्याचदा तिथेच होतो.

सांगलीच्या १८४३ च्या पहिल्या नाट्यप्रयोगापासून टॉकीपर्यंतच्या काळात हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. नट नाटक मंडळीचा पगारी माणूस होता आणि मंडळी जाईल तिकडे बिऱ्हाडासकट जायचा. १९३२ साली मराठी बोलपट आला. कोल्हापूर-पुण्याचे स्टुडिओही महिन्याच्या पगारावरच माणसं ठेवत, त्यामुळे ज्याला पडद्यावर जायचं त्याला मंडळी सोडूनच जावं लागे. एक पाय इथे आणि एक तिथे ठेवायची सोय स्टुडिओ मोडल्यावर झाली. चित्रपटाचे पैसे कामागणिक ठरू लागले, नाटकाचे 'नाइट'वर. म्हणजे जितके प्रयोग, तितकं मानधन. नट स्वतःच्या तारखांचा मालक झाला, आणि त्या सांभाळण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात आली.

१९७० च्या दशकात नाटकातून समांतर चित्रपटात गेलेल्या नटांची लाट कलात्मक आस्थेतून आली, असं सांगितलं जातं. आस्था होतीच, पण कच्च्या फिल्मचा हिशेबही होता. ३५ मिमीचा ४०० फुटांचा रोल साडेचार मिनिटांच्या आत संपतो. १९६९ नंतर सरकारी कर्जावर कमी खर्चाचे चित्रपट होऊ लागले, तेव्हा फिल्म मोजून वापरावी लागे. पहिल्या-दुसऱ्या टेकला शॉट 'ओके' देणारा नट म्हणजे रोख बचत. पन्नास प्रयोग करून संहिता अंगात मुरलेला संच आयता मिळाला तर आणखी काय हवं? 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९७१ साली पडद्यावर आलं तेव्हा बेणारे या नायिकेच्या भूमिकेत रंगमंचावरचीच नटी होती. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'वर १९७६ साली पुण्यातल्या चित्रपट प्रशिक्षणातून बाहेर पडलेल्या मुलांनी सहकारी तत्त्वावर चित्रपट केला, आणि त्यातला नाना फडणवीसही रंगमंचावरचाच होता. शिवाय तेव्हाचे हलके कॅमेरे मोठा आवाज करत. त्यामुळे संवाद नंतर डबिंगला भरावे लागत, आणि अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघून तोच भाव आवाजात परत आणणं नाटकवाल्याला सोपं जाई.

त्या काळात तारखांची ओढाताण फारशी जाणवली नाही, याचं एक साधं कारण होतं. प्रायोगिक नाटकातले बरेच जण बँकेत, विमा कार्यालयात किंवा सरकारी खात्यात नोकरीला होते. दादरला शाळेच्या सभागृहात संध्याकाळी प्रयोग आणि चित्रपटासाठी साठवलेली रजा, असं गणित बसायचं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेही या गणितात मावलं. स्टुडिओत नाटिका एक-दोन दिवसांत ध्वनिचित्रमुद्रित व्हायची. पुढे प्रायोजित मालिका आल्या त्या तेरा भागांच्या. सलग पंधरा-वीस दिवस दिले की काम संपलं, आणि नाटकाचा निर्माता तेवढे दिवस दौरा पुढे ढकलायचा. त्या दशकाबद्दल आज जो हळवेपणा दिसतो, त्यातला बराच वाटा महिन्याच्या एक तारखेला येणाऱ्या पगाराचा आहे. तो नसता तर किती जणांनी प्रयोग केले असते, हा प्रश्न विचारला जात नाही.

घडी विस्कटली ती रोजच्या मालिकांनी. १९९७ साली दूरदर्शनवर दुपारची रोजची मालिका आली, १५ ऑगस्ट १९९९ ला पहिली खासगी मराठी वाहिनी आणि जुलै २००० मध्ये आणखी एक. आठवड्याच्या मालिका काही वर्षं टिकल्या, मग संध्याकाळचे सगळे स्लॉट रोजचे झाले. आधी पाच दिवस, पुढे सोमवार ते शनिवार. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचं फुटेज लागतं. सहा भाग म्हणजे १३२ मिनिटं. बारा तासांच्या शिफ्टमध्ये एक युनिट दिवसाला २० ते २२ मिनिटं काढतं. म्हणजे आठवड्याचे सहाही दिवस चित्रीकरण झालं तर कसंबसं प्रक्षेपण भागतं आणि शिल्लक काहीच राहत नाही. त्यात रविवारचा एक तासाचा महाएपिसोड जाहीर झाला की आणखी ४४ मिनिटं, म्हणजे दोन दिवसांचं काम कुठून तरी काढावं लागतं. हातात दहा-बारा भागांची बँक, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या भागांचा साठा, असली तर ते जमतं. दोन भागांची असली तर दोन युनिटं लावावी लागतात आणि मुख्य नट एका सेटवरून दुसऱ्या सेटवर पळत राहतो.

वादाचा मुद्दा इथेच आहे: करारातली नाटकाची सूट. मालिकेच्या करारात नट त्या वाहिनीसाठी बांधील असतो. दुसऱ्या वाहिनीवर काम करायचं नाही, महिन्याला ठरलेले किमान दिवस द्यायचे, केस-दाढी परवानगीशिवाय बदलायची नाही. 'नाटकाचे प्रयोग वगळून' ही ओळ सुरुवातीच्या वर्षांत तोंडी असायची, पुढे लेखी आली आणि मग तिला शेपूट जोडलं गेलं: 'चित्रीकरणाच्या वेळापत्रकाला बाधा न येता'. या पाच शब्दांत सगळी सूट परत घेतलेली असते.

वाहिनीची बाजू अगदीच पोकळ नाही. नट चेहऱ्यासाठी घेतलेला असतो, त्याच्या पात्राचा ट्रॅक, म्हणजे त्याच्याभोवतीचं कथानक, चालू असताना तो दोन दिवस नागपूर-अमरावती दौऱ्यावर असेल तर भाग कोरे जातील. प्रेक्षकसंख्येचे आकडे गुरुवारी येतात. आकडा घसरला की कथा वळवली जाते, दृश्यं नव्याने लिहिली जातात आणि सोमवारच्या भागाची पानं शनिवारी सेटवर गरमागरम येतात. उद्याची कॉलशीट, म्हणजे कुणी किती वाजता सेटवर यायचं याची यादी, आदल्या रात्री नऊ-दहाला फोनवर मिळते. त्याहून आधी ती देता येईल, अशी यंत्रणाच बसवलेली नाही.

नाटकाचं घड्याळ अगदी उलटं चालतं. पालिकांच्या नाट्यगृहांच्या तारखांचं वाटप तिमाही किंवा चौमाही होतं. दादर, पार्ले, ठाणे, बोरिवली इथल्या शनिवार-रविवारवर सगळ्यांचा डोळा, म्हणून हाती आलेली तारीख निर्माता सोडत नाही. भाडं भरलेलं, वर्तमानपत्रात जाहिरात गेलेली, सेटचा टेम्पो आणि पडद्यामागची माणसं ठरलेली. मराठी व्यावसायिक नाटकात पर्यायी नट तयार ठेवण्याची पद्धत जवळजवळ नाही. नव्या माणसाला उभं करायला निदान आठ-दहा दिवसांच्या तालमी लागतात. एकीकडे तीन महिने आधी ठरलेला रविवार, दुसरीकडे बारा तास आधी आलेला कॉल. ही दोन घड्याळं एका माणसाच्या मनगटावर बांधायची आणि वाद झाला की त्याला बेशिस्त म्हणायचं, हे काही न्यायाचं नाही. रविवार हा नाटकाचा दिवस आहे हे माहीत असताना महाएपिसोडची सवय लावण्याचा निर्णय नटांना किंवा नाटकवाल्यांना विचारून झालेला नव्हता.

व्यवहारात यातून वाट काढली जाते ती अशी. प्रयोगाच्या दिवशी नटाला सकाळी सातचा कॉल देतात आणि दुपारी दोनपर्यंत सोडायचं ठरतं. त्याचे क्लोज, म्हणजे जवळून घेतलेले चेहऱ्याचे शॉट, आधी काढून घेतात. समोरच्या पात्रांच्या प्रतिक्रिया तो गेल्यावर, सहायकाने त्याचे संवाद वाचून घेतल्या जातात. पाठमोऱ्या शॉटला त्याच अंगलटीचा, त्याच शर्टातला दुसरा माणूस उभा करतात. बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. नजरेची रेषा चुकते, सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रकाशाचा मेळ बसत नाही, किंवा संवाद दुपारी बदलतो आणि सकाळी काढलेला क्लोज वाया जातो. वर घोडबंदर रोडवरच्या सेटपासून दादरपर्यंतच्या वाहतुकीचा भरवसा नाही. आठच्या प्रयोगाला नट साडेसातला पोहोचला तर मेकअप होतो, पण आवाज मोकळा व्हायला वेळ उरत नाही.

आवाजाचं नुकसान सगळ्यात आधी कानाला कळतं. मालिकेत छातीवर लेपल माइक असतो आणि पाच-सहा ओळींनंतर कट असतो. दोन महिने असं काम केलेला नट हजाराच्या आसपास आसनांच्या नाट्यगृहात उभा राहिला की त्याचा श्वास वाक्याच्या मध्येच संपतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी, आणि नेमका तोच शेवटचा शब्द गिळला जातो. मागच्या रांगेला 'मी उद्या तिला' एवढंच ऐकू येतं. उलट दिशेनेही त्रास आहे. नाटकाची फेक घेऊन सेटवर गेलेल्याचा आवाज माइकवर फुटतो. तीन कॅमेरे चालू असताना तो अख्ख्या देहाने बोलत राहतो आणि जमिनीवरची खूण सोडून फोकसबाहेर जातो. दहा मिनिटांत पाठ केलेलं दृश्य टेक संपताच विसरायची सवयही तालमीला मारक ठरते.

मधल्या काळात चित्रपटाचा हिशेब बदलला. डिजिटल कॅमेरा आल्यावर फिल्मची बचत हा मुद्दा संपला. वीस-पंचवीस टेक परवडू लागले आणि पहिल्याच टेकला ओके देणाऱ्या नटाचं तांत्रिक मोल कमी झालं. गेल्या दशकातल्या गाजलेल्या स्वतंत्र मराठी चित्रपटांत कधीच अभिनय न केलेली माणसं प्रमुख भूमिकांत दिसली, ती काही निव्वळ वास्तवाच्या हौसेपोटी नाही. असे चित्रपट मुंबईपासून लांब, एखाद्या गावात सलग तीस-चाळीस दिवस चित्रित होतात, त्याआधी तिथेच कार्यशाळा होते आणि दाढी दोन महिने वाढवावी लागते. मालिकेच्या करारात अडकलेल्या नटाला यातलं काहीच देता येत नाही. दिग्दर्शक मोकळ्या तारखांचा माणूस शोधतो आणि तो गावातच सापडतो. चित्रीकरणासोबतच होणाऱ्या ध्वनिमुद्रणामुळे डबिंगचा जुना फायदाही गेला.

पैशांची बाजू पाहिली तर नट मालिका का सोडत नाही हे वेगळं सांगायला नको. मालिकेचं मानधन दिवसावर ठरतं, महिन्याचे किमान दिवस नक्की असतात. हातात मात्र बहुधा ९० दिवसांनी आणि १० टक्के टीडीएस कापून येतं. नाटकाची नाइट पुष्कळदा त्याच रात्री पाकिटात मिळते, पण पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत प्रयोग रोडावतात. स्वतंत्र चित्रपटात बरेचदा एकरकमी थोडे पैसे आणि बाकी 'प्रदर्शनानंतर'. मौजेची गोष्ट अशी की नाटकाच्या जाहिरातीत त्याच नटाचं मालिकेतलं नाव कंसात छापलं जातं. बुकिंग त्यावर होतं आणि तारखाही त्यामुळेच अडतात.

२०२० च्या साथीने ही उतरंड उघडी पाडली. मार्चमध्ये सगळंच थांबलं. उन्हाळ्यानंतर मालिकांचं चित्रीकरण सुरू झालं, ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी घातली गेली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध आल्यावर युनिटं गोव्यात आणि राज्याबाहेर इतरत्र हलली. नाट्यगृहं मात्र नोव्हेंबर २०२० पासून काही महिने निम्म्या आसनक्षमतेने चालली, या निर्बंधांत पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ नंतरच, तीही निम्म्या आसनक्षमतेने, उघडली. त्या दीड वर्षात ज्याच्याकडे मालिका होती त्याचं घर चाललं. अनुभवी नाटकवाल्यांनीही त्यानंतर रोजच्या मालिका स्वीकारल्या, त्याचं हे सरळ कारण आहे.

ओटीटीच्या आठ-दहा भागांच्या मालिकांनी तेरा भागांच्या जमान्यातली सलग तारखांची पद्धत काही प्रमाणात परत आणली आहे, पण मराठीत अशी कामं मोजकी आहेत. रोजच्या मालिकेचा करार करताना जाणते नट आता 'सूट' या मोघम शब्दावर थांबत नाहीत. महिन्यातले प्रयोगाचे दिवस आकड्यात लिहून घेतात, नाट्यगृहाच्या वाटपाचं पत्र कराराला जोडतात, प्रयोगाच्या दिवशी सेट सोडण्याची वेळ नमूद करतात आणि महाएपिसोडचे दिवस किमान दिवसांत धरायचे की वेगळे, हे आधीच ठरवून घेतात. नवख्याला यातलं एखादं कलम मिळालं तरी पुष्कळ.