दरज दगडापेक्षा मऊच हवी

खानदेशात जुन्या भिंतीच्या डागडुजीचा विषय निघाला की गवंड्याचं उत्तर ठरलेलं असतं: "सिमेंट भरी द्या, पक्कं व्हई जाई." भुसावळपासून नंदुरबार-नवापूरपर्यंत इंग्रज अमदानीत उभी राहिलेली कितीतरी चर्च याच सल्ल्यावर दुरुस्त होत आली आहेत. नाताळ जवळ आला की मंडळी वर्गणी काढते, सिमेंटची पोती येतात, काळ्या दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, करड्या रेघांनी भरून निघतात आणि आतून ऑइलपेंट लागतो. पहिलं वर्ष सगळं झकास दिसतं. दोन-तीन पावसाळे गेले की आतल्या गिलाव्याला फुगे येतात, खिडकीच्या कमानीतल्या विटांचा भुगा गळायला लागतो आणि खापर फुटतं जुन्या बांधकामावर. बहुतेक वेळा दोष नव्या सिमेंटचा असतो.

सिमेंट वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. स्लॅबला, कॉलमला ते हवंच. पण चुन्यात बांधलेल्या भिंतीत ते परकं आहे. ताकदीचाच हिशेब करून बघा. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, बांधकामाचं वजन घनमीटरला साधारण २५ किलोन्यूटन धरलं, तर सहा मीटर उंच भिंतीच्या पायथ्याशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब येतो दर चौरस मिलिमीटरला ०.१५ न्यूटन. साधा चुना-वाळूचा मसालाही अर्धा ते एक न्यूटन सहज पेलतो. एका भाग सिमेंटला चार भाग वाळूचा (१:४) मसाला साडेसात न्यूटन पेलतो, म्हणजे गरजेच्या पन्नासपट. या जादा ताकदीचा भिंतीला काडीचा उपयोग नाही. तिची किंमत मात्र भिंत मोजते, आणि ती कशी मोजते हेच मला नीट सांगायचं आहे.

भिंत कधीच पूर्ण कोरडी नसते. जमिनीतली ओल कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तशी सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, छपरातून पाणी झिरपतं. या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. काही मातीतले, काही वटवाघळांच्या नि कबुतरांच्या विष्ठेतले आणि काही खुद्द सिमेंटमधले, कारण सिमेंटमध्ये जिप्सम मुद्दाम घातलेलं असतं आणि सोडियम-पोटॅशियमची संयुगंही असतात. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. प्रश्न एवढाच की वाफ नेमकी कुठे होते.

छिद्रांमधलं पाणी पृष्ठभागापर्यंत अखंड पोचत असेल तर ते पृष्ठभागावर उडून जातं आणि क्षार बाहेर पांढऱ्या भुकटीसारखे जमतात. यालाच आपण लोणा म्हणतो. दिसायला वाईट, पण ब्रशने झाडला की गेला. उलट आतून येणारं पाणी कमी पडलं आणि बाहेरची हवा ते जास्त वेगाने शोषू लागली, तर बाष्पीभवनाची सीमा आत सरकते. मग क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाखाली, छिद्रांच्या आत वाढतात. द्रावण जितकं अतिसंपृक्त, म्हणजे मावतील त्याहून जास्त क्षार विरघळलेलं, तितका वाढत्या स्फटिकाचा छिद्राच्या भिंतीवर दाब जास्त. विटेची ताणाला तोंड देण्याची ताकद मुळात फार कमी असते. असा दाब वारंवार आला की विटेची पापुद्र्यापापुद्र्याने चाळण होते.

त्यातला सोडियम सल्फेट तर खानदेशचा खास शत्रू म्हणावा असा. ३२.४ अंश सेल्सिअसच्या वर त्याचा स्फटिक पाण्याशिवायचा असतो. त्याखाली, ओल असेल तर, एकेका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू धरून ठेवणारा स्फटिक बनतो आणि त्याचं आकारमान कोरड्या स्फटिकाच्या सुमारे चौपट असतं. आपल्याकडे उन्हाने तापलेली काळी भिंत दिवसा ही मर्यादा ओलांडते आणि रात्री पुन्हा खाली येते. ओल टिकून असेल तर हे चक्र वर्षातले कितीतरी महिने चालतं. शिवाय एप्रिल-मेमधली कोरडी झळ बाष्पीभवनाची सीमा आत ढकलायला टपलेलीच असते.

चुन्याच्या दरजेत पाण्याला वाट असते. दगड-विटेपेक्षा तिच्यातून पाणी सहज बाहेर येतं, क्षार तिच्यातच साचतात, काही दशकांनी ती झिजते. मग ती खरवडायची आणि नवी भरायची. झीज दरजेच्या वाट्याला यावी हाच तर तिचा उद्देश. सिमेंटची घट्ट दरज ही वाट बंद करते.

इथे आपल्या बेसाल्टमुळे एक वेगळा मुद्दा येतो, आणि मसाल्याविषयीच्या परदेशी सल्ल्यात तो सहसा सापडत नाही. मऊ वाळूच्या दगडाच्या चर्चमध्ये सिमेंटच्या दरजेशेजारचा दगडच झडू लागतो, त्यामुळे नुकसान लगेच दिसतं. ठोस बेसाल्ट इतका घट्ट असतो की त्यात पाणी फारसं शिरतच नाही. म्हणून दगड शाबूत दिसतो आणि सगळ्यांना वाटतं, काम चांगलं झालं. पण जाड दगडी भिंतीला बहुधा दोन बाजूंना घडीव दगड आणि मधे चुना-गोट्यांची भर असते. बेसाल्ट पाणी सोडत नाही, तेव्हा भरीतली ओल बाहेर पडायला दरज हा जवळपास एकच मार्ग. तो बुजवला की पाणी आतल्या गिलाव्याकडे आणि कमानींच्या विटांकडे वळतं. आतून ऑइलपेंट मारून तीही वाट बंद केली, तर भर वर्षानुवर्षं भिजत राहते आणि चुना हळूहळू विरघळून निघून जातो. बाहेरून ताठ भिंत आतून पोकळ होत जाते.

दुसरं कारण हालचालीचं. आपल्या काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पाया दरवर्षी थोडा हलतोच. चुन्याची भिंत ही हालचाल असंख्य केसाएवढ्या चिरांत वाटून घेते आणि पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्यातल्या बारीक चिरा पुन्हा बुजवतो. सिमेंटने जखडलेली भिंत एकाच मोठ्या भेगेत फुटते, बहुतेकदा विटेच्या पोटातून.

"जुन्या लोकांचं गुपित" म्हणून फिरणारे मेसेज मात्र बाजूला ठेवा. गूळ, उडीद, बेलफळ, पाया घालताना दिलेला बळी, अशा यादीत रसायनशास्त्र आणि भाकडकथा एकत्र कालवलेल्या असतात. गुळातली साखर चुन्याची विद्राव्यता वाढवते, डाळीतली प्रथिनं मसाला लवचिक करतात, इतपत खरं आहे. भिंत धरून ठेवतो तो मात्र चुनाच. 'दहा वर्षं गॅरंटी'च्या वॉटरप्रूफ लेपांनाही मी याच यादीत टाकतो. ओल्या भिंतीवर असा लेप म्हणजे ओल आत कोंडणं.

मग मसाला निवडायचा कसा? आधी जुना मसाला तपासायचा. भिंतीच्या आतल्या थरातला तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना फसफसून विरघळतो आणि वाळू नि सुरखी (विटेची भुकटी) खाली उरते. तापी-गिरणेची बेसाल्टी वाळू आम्लात फारशी विरघळत नाही, त्यामुळे खाली उरलेलं चाळून दाण्यांचा आकार आणि प्रमाण बऱ्यापैकी कळतं. साधारण प्रमाण एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असं येतं, कारण वाळूच्या दाण्यांमधली पोकळी ढोबळमानाने एक तृतीयांश असते आणि चुन्याने ती भरायची असते.

चुनाही एकच नसतो. आयएस ७१२ या भारतीय मानकात त्याचे ए ते एफ असे वर्ग आहेत. कळीचा शुद्ध चुना सी वर्गात येतो, तो फक्त हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. काळ्या मातीत सापडणाऱ्या कंकराचा, म्हणजे चुनखडीच्या गोट्यांचा, चुना ई वर्गात, त्यात मातीचा अंश असल्याने तो पाण्याखालीही आवळतो. भिंतीच्या उघड्या अंगाला कळीचा चुना आणि थोडी सुरखी पुरते. जोत्याजवळ, जिथे ओल कायम असते, तिथे कंकराचा चुना किंवा जास्त सुरखी घ्यावी. सुरखी कमी भाजलेल्या विटेचीच हवी. करपलेल्या विटेची भुकटी चुन्याशी क्रियाच करत नाही, ती नुसती लाल वाळू.

वेळ चुकवली तर चांगला चुनाही वाया जातो. कार्बन डायऑक्साइड आधी पाण्यात विरघळावा लागतो, मगच चुन्याशी जुळतो. भर उन्हाळ्यात दरज वरून वाळते आणि आत भुसभुशीत राहते. आपल्याकडे पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंतचा काळ योग्य. दरज रुंदीच्या निदान दुप्पट खोल, कमीत कमी २५ मिलिमीटर खरवडावी, धुवून ओली करावी, मसाला दाबून भरावा आणि पुढचे काही आठवडे ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावा. आतून चुन्याची सफेदी, ऑइलपेंट नाही.

आधी भरलेलं सिमेंट काढताना ग्राइंडर लावू नये, दगड-विटेच्या कडा कापल्या जातात. हातोडी-छिन्नीने सैल झालेलं तेवढंच काढावं. जिथे सिमेंट विटेला इतकं घट्ट धरून बसलंय की काढताना वीटच तुटेल, तिथे ते आपण होऊन सुटेपर्यंत राहू द्यावं आणि आजूबाजूच्या दरजा आधी मोकळ्या करून चुन्याने भराव्यात.