झोका, ब्रश आणि वजनाचं पांघरूण: सेन्सरी थेरपी आली कुठून

मुलाला सेन्सरी अडचणी (स्पर्श, आवाज, हालचाल यांच्या संवेदना नीट न पेलणं) आहेत असं सांगून ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारे) घरी करायच्या गोष्टींची यादी देतात: झोका, ब्रशने अंग चोळणं, वजनाचं पांघरूण, जड कामं (वस्तू उचलणं, ढकलणं). ही यादी एकाच डोक्यातून निघालेली नाही. प्रत्येक गोष्टीचा उगम वेगळा, तिच्यामागचा पुरावा वेगळा आणि घरी चुका होतात त्या जागाही वेगळ्या. पालकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

मूळ मांडणी कॅलिफोर्नियातल्या ए. जीन एअर्स (१९२०–१९८८) यांची. त्या स्वतः ओटी होत्या, शिवाय शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या. नजर चांगली, ऐकू नीट येतं, पण बटण लावता येत नाही, जिन्यावर पाय अडखळतो, पाठीवर कुणाचा हात पडला तरी अंग झटकून दूर होतात, अशी मुलं त्यांच्याकडे येत. शाळेत अशा मुलांना आळशी किंवा हट्टी म्हणून मोकळं होत. एअर्स यांनी लक्ष वेधलं ते पाच इंद्रियांपलीकडच्या दोन संवेदनांकडे. एक कानाच्या आतल्या भागातून येणारी तोल आणि हालचालीची, दुसरी स्नायू-सांध्यांतून येणारी. हे सगळे संदेश मेंदूत नीट जुळले नाहीत तर वागणं आणि शिकणं दोन्ही अडतं, असा त्यांचा सिद्धांत. १९७२ साली तो पुस्तकरूपाने आला.

त्यांच्या कामाची पद्धत कळण्यासाठी १९७५ची एक चाचणी बघण्यासारखी आहे. मूल फिरत्या पाटावर मांडी घालून बसतं, मान सुमारे ३० अंश पुढे झुकलेली. २० सेकंदांत १० फेऱ्या द्यायच्या, एकदम थांबवायचं आणि डोळ्यांची आपोआप होणारी थरथर किती सेकंद टिकते ते मोजायचं. मग तेच उलट्या दिशेने. थरथर फारच लवकर थांबली तर तोलाचे संदेश मेंदूपर्यंत पुरेसे पोचत नसावेत, असा अंदाज बांधला जाई. थेरपीतल्या झोक्याचं मूळ या विचारात आहे. म्हणूनच झोका म्हणजे नुसती करमणूक नव्हे. पुढे-मागे, संथ आणि एका लयीत दिलेला झोका बहुतेक मुलांना शांत करतो. गरगर फिरवणं उलट उत्तेजित करतं. चेहरा पांढरा पडणं, घाम येणं, जांभया, मळमळ दिसली की लगेच थांबायचं. गरगर फिरवण्याचा त्रास कधी कधी तासाभरानेही जाणवतो, तेव्हा ‘त्याला मजा येतेय’ एवढ्यावर विसंबू नये.

एअर्स यांच्या पुढच्या चाचणीसंचात १७ चाचण्या होत्या. तो १९८९ साली, त्यांच्या निधनानंतर आला. त्याचे मापदंड अमेरिकन मुलांवर बेतलेले. आपल्याकडच्या मुलाच्या अहवालातला आकडा वाचताना हे विसरून चालणार नाही. १९९९ साली विनी डन या अमेरिकन ओटींची पालकांनी भरायची प्रश्नावली आली आणि रोजच्या घरगुती निरीक्षणाला वजन मिळालं. एकच मूल कुकरच्या शिट्टीला कान झाकतं आणि सोफ्यावरून उड्या मारायला मात्र कंटाळत नाही, हे परस्परविरोधी नाही, हे या पद्धतीमुळे स्पष्ट झालं.

ब्रशची पद्धत पॅट्रिशिया विल्बार्गर या अमेरिकन ओटींची. मऊ प्लास्टिकचा सर्जिकल ब्रश, हात-पाय-पाठीवर घट्ट दाब, लगेच सांध्यांना हलके दाब, आणि हे दर दीड-दोन तासांनी. चेहरा, छाती आणि पोट पूर्ण वर्ज्य. घरी चूक होते ती दाबात: ब्रश हलका फिरला की गुदगुल्या होतात आणि स्पर्शाला बिचकणारं मूल आणखी बिचकतं. पद्धतीचा पुरावा तुटपुंजाच आहे. ओटीने प्रत्यक्ष हात धरून शिकवल्याशिवाय ती करूच नये.

खोल दाबाची कल्पना लोकांपर्यंत नेली टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक अमेरिकन पशुशास्त्रज्ञांनी. गुरांना लस देताना धरून ठेवणारा पिंजरा पाहून त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी दाब देणारं यंत्र बनवलं. त्यातला कळीचा भाग असा की दाब किती, हे आत असलेली व्यक्तीच ठरवायची. वजनाच्या पांघरुणाबाबत नेमकं हेच विसरलं जातं. मुलाला ते स्वतः दूर सारता येत नसेल तर वापरू नये, तान्ह्या बाळांसाठी तर मुळीच नाही. २०१४ सालच्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांना आणि पालकांना असं पांघरूण आवडलं, पण मोजलेली झोप काही वाढली नाही.

निदानाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली सेन्सरी अडचणी हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये असं सुचवलं. पुढच्याच वर्षी डीएसएम-५ने (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) आवाज, स्पर्श वगैरेंना मिळणारा कमी-जास्त प्रतिसाद ऑटिझमच्या निकषांत घेतला, वेगळा आजार मात्र मानला नाही. भारतातल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही तो नाही. त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं ते सोबत ऑटिझम किंवा अध्ययन अक्षमता यांसारखं काही असेल तरच. नुसत्या सेन्सरी अडचणींसाठी शाळेशी बोलून सवलती मिळवाव्या लागतात: युनिफॉर्मचं कॉलरमागचं लेबल काढणं, घंटेपासून लांबची जागा, स्नेहसंमेलनाच्या ढोल-ताशाला कानावर हेडफोन.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर झालेल्या.

थेरपीच्या परिणामाबद्दल निष्कर्ष दोन्ही बाजूंनी आहेत. २०१४ साली अमेरिकेत ३२ ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या प्रयोगात निम्म्याच्या आसपास मुलांना आठवड्याला तीन, अशी १० आठवडे सत्रं दिली. आधी ठरवलेली उद्दिष्टं गाठण्यात ती मुलं नेहमीची सेवा मिळालेल्या बाकीच्यांपेक्षा पुढे गेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या १३८ मुलांच्या चाचणीत मात्र नेहमीच्या सेवेपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून पहिल्याच सत्रात ओटीबरोबर दोन-तीन उद्दिष्टं लिहून घ्यावीत, आणि तीही मोजता येतील अशी. ‘संवेदना सुधारणे’ असं नको. ‘नखं कापताना एका हाताची पाचही बोटं न ओरडता पूर्ण होणं’ असं हवं. दहा-बारा आठवड्यांनी तो कागद काढून बघायचा. काहीच हललं नसेल तर पद्धत बदलण्याबद्दल ओटीशी बोलायचं, सत्रं वाढवण्याबद्दल नाही.