पिच इंचांत, कोन अंशांत

'या प्रोपेलरची पिच १६ अंश आहे' असे कोणी लिहिले, की त्याला पिच कळलेली नाही असे मी बेधडक धरून चालतो. घरच्या कार्यशाळेत विमानाचा लाकडी प्रोपेलर कोरायला घेणाऱ्यांना सुतारकाम सहसा उत्तम येत असते, म्हणून थर चिकटवणे, रंधा मारणे, पॉलिश करणे यांविषयी येथे काही सांगत नाही. गुण्या हाताळून कोनाचीही त्यांना चांगली ओळख असते आणि नेमकी तीच ओळख येथे घात करते.

कोन हा पात्यावरच्या एका ठिकाणाचा असतो. तेथे पात्याची सपाट बाजू फिरण्याच्या प्रतलाशी जितकी कललेली, तितके अंश. पिच हे मात्र अंतर आहे. प्रोपेलर लाकडात शिरणाऱ्या स्क्रूसारखा कोठेही न घसरता गेला, तर एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल तितके इंच. ६० × ४० या आकड्यांत ६० इंच हा व्यास आणि ४० इंच ही पिच.

गोल जिना डोळ्यांसमोर आणावा. मधल्या खांबाला खेटून चढणारा आणि बाहेरच्या कठड्याला धरून चढणारा एका वळशात सारखीच उंची गाठतात, पण आतल्याची वाट आखूड असल्याने त्याला उभी चढण लागते. आपल्या ६० × ४० मध्ये केंद्रापासून साडेसात इंचांवरचा बिंदू एका फेऱ्यात सुमारे ४७ इंचांचे वर्तुळ काढतो, म्हणून तेथे ४० अंशांचा कोन लागतो. १५ इंचांवर २३, साडेबावीस इंचांवर १६ आणि टोकाशी अवघा १२. पिच सर्वत्र सारखी ठेवायची, तर कोन जागोजागी बदलत न्यावाच लागतो. पात्याचा पीळ म्हणतात तो हाच.

एका हौशी कारागिराने मला आपले ६० × ४० चे पाते मोठ्या अभिमानाने दाखवले होते. १६ अंशांचा एकच फर्मा, म्हणजे कोन ताडून पाहायचा कापीव साचा, बुंध्यापासून टोकापर्यंत सरकवत त्याने ते इतके नेटके कोरले होते, की फर्म्याखाली कोठेही उजेड दिसत नव्हता, आणि यालाच तो 'एकसमान पिच' म्हणत होता. प्रत्यक्षात त्या पात्याची पिच साडेसात इंचांवर जेमतेम साडेतेरा इंच होती, तर टोकाशी ५४. विमान एका फेऱ्यात ३५ इंच पुढे जात असेल, तर अशा पात्याचा आतला भाग हवा मागे ढकलण्याऐवजी विमानालाच अडवतो आणि टोके जादा कोनाने हवा कापत इंजिनाचे फेरे उतरवतात. वाईट म्हणजे तोल तपासताना यातले काहीच उघडकीस येत नाही, कारण दोन्ही पाती सारखीच चुकलेली असतात.

म्हणून प्रत्येक ठिकाणाचा फर्मा वेगळा कापावा. पात्यावर फोन टेकवून कोन वाचण्याची नवी सवय मला मुळीच पसंत नाही, कारण फोन कोठे टेकला हे दर वेळी बदलते आणि फर्मा मात्र पेन्सिलीच्या रेघेवरच बसतो. ठोकळ्याची जाडीही कोनावरच ठरते. पाच इंच रुंदीचे पाते ४० अंशांत बसवायला सव्वातीन इंच जाडी लागते, तर टोकाकडच्या तीन इंच रुंदीला १२ अंशांत पाऊण इंचही लागत नाही.

'स्थिर पिच' हा शब्द वेगळ्याच गोष्टीचा आहे. उड्डाणात पात्यांचा कोन बदलता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. टोकाकडे पिच मुद्दाम थोडी कमी करणारे कारागीरही आहेत आणि त्यात चूक नाही, कारण किती इंच कमी केली हे ते सांगू शकतात.

अंशांतच बोलायचे असेल, तर ठिकाणही सांगावे. त्रिज्येच्या पाऊण भागावर कोन मोजण्याची पद्धत रूढ आहे, आणि ६० इंची प्रोपेलरवर ते ठिकाण साडेबावीस इंचांवर येते. त्या कारागिराचा फर्मा तेवढ्या एका रेघेवर बरोबर होता.