छायाचित्रावरून जुन्या विमानांची ओळख

मथळा नसलेल्या किंवा चुकीचा मथळा लागलेल्या जुन्या छायाचित्रातील विमान कोणत्या कारखान्याचे, कोणत्या प्रकारचे आणि शक्य झाल्यास नेमके कोणते, हे ठरवण्याची अभ्यासपद्धती. दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोप-अमेरिकेत लहानमोठे कारखाने सतत नवी विमाने काढत होते आणि त्यांतले कित्येक प्रकार दोन-चार नगांवरच थांबले. टाटांच्या हवाई सेवेने वापरलेले ‘माइल्स मर्लिन’ हे ब्रिटिश विमान अवघी चार बनली. अशा विमानाची आठवण बहुतेक वेळा कुणाच्या तरी अल्बममधल्या एखाद्या धूसर छायाचित्रातच उरलेली असते, म्हणून ते अचूक ओळखण्याला मोल आहे.

अनुभवी अभ्यासक आधी नाकाकडे पाहतो, कारण इंजिनाच्या मांडणीवर नाकाचा आकार ठरतो. डी हॅविलंड कंपनीची ‘जिप्सी मॉथ’ आणि ‘टायगर मॉथ’ ही दोन द्विपंखी विमाने नवख्याला सारखीच दिसतात. जिप्सी मॉथचे इंजिन उभे असते, त्यामुळे चारही सिलिंडरांची डोकी नाकावर उघडी दिसतात. टायगर मॉथमध्ये तेच इंजिन उलटे टांगल्यासारखे बसवलेले असते; नाक वरून साफ, उतरते होते आणि वैमानिकाला समोरचे नीट दिसते. दुसरी खूण वरच्या पंखाची. पुढच्या आसनावरच्या माणसाला पॅराशूटसह बाहेर पडता यावे म्हणून टायगर मॉथचा वरचा पंख पुढे सरकवला आणि तोल साधण्यासाठी पंख मागे झुकवले. बाजूने काढलेल्या छायाचित्रात हा झुकाव चटकन लक्षात येत नाही, तेव्हा नाकच कामी येते.

याच घराण्यातले आणखी एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते ‘पस मॉथ’मधून. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केले ते ‘लेपर्ड मॉथ’मधून. दोन्ही विमाने उंच पंखांची, बंद कक्षाची. पस मॉथच्या पंखाच्या कडा सरळ, जवळजवळ समांतर असतात. लेपर्ड मॉथचा पंख टोकाकडे निमुळता होत जातो. पंख कॅमेऱ्याकडे वळलेला असेल तर एवढी खूण पुरते.

विमानावर नोंदणीची अक्षरे वाचता आली तर निम्मे काम झाले. ‘व्हीटी’ म्हणजे भारत, एकटे ‘जी’ म्हणजे ब्रिटन, ‘एफ’ म्हणजे फ्रान्स. पुढची अक्षरे नोंदवहीशी ताडली की प्रकार, बांधणी क्रमांक आणि मालक मिळतात. टाटांच्या त्या पस मॉथवर ‘व्हीटी-एडीएन’ असे होते. एखादे अक्षर टेकूआड किंवा कुणाच्या खांद्याआड गेले तरी उरलेल्यांवरून शक्यता मोजक्या राहतात. अमेरिकी विमानावर ‘एनसी’ असेल तर छायाचित्र बहुधा १९४८ च्या आधीचे किंवा त्याच वर्षाचे समजावे.

लष्करी चिन्हे काळ सांगतात. अमेरिकी ताऱ्याच्या मध्यातला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला गेला. जून १९४३ मध्ये ताऱ्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या आणि भोवती लाल किनार आली. सप्टेंबरमध्ये ती किनार निळी झाली. लाल किनार दिसली की छायाचित्र त्या उन्हाळ्याच्या आसपासचे. अर्थात तळावरचा रंगारी हुकूम आल्याच्या दिवशीच ब्रश घेऊन उभा राहत नसे, त्यामुळे थोडी मुभा ठेवावी लागते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तर जपानी लाल वर्तुळाशी गल्लत नको म्हणून ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलांच्या विमानांवरून लाल रंगच हटवला होता.

मात्र कृष्णधवल चित्रात रंग ओळखणे फसवे असते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश टिपता येत नसे. तिच्यावर लाल काळा उमटतो, पिवळाही गडद दिसतो आणि निळा फिका पडतो. पिवळे प्रशिक्षण विमान त्यामुळे काळपट दिसते. निगेटिव्हची काच उलटी ठेवून छापलेली, म्हणजे डावे-उजवे उलटलेली चित्रेही आढळतात. अक्षरे नसतील तर अशा वेळी प्रॉपेलरच्या पात्यांचा पीळ पाहावा: जिप्सी इंजिने वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत, बहुतेक अमेरिकी इंजिने काट्यांप्रमाणे.

मथळ्यावर कधीच विसंबू नये, याचा ठळक दाखला १९४० चा आहे. जर्मनीने हाइन्केल १०० या जातीच्या डझनभर विमानांवर बनावट तुकड्यांची बोधचिन्हे रंगवली आणि ‘हाइन्केल ११३’ हे नवे लढाऊ विमान म्हणून छायाचित्रे प्रसृत केली. ब्रिटिश वैमानिकांनी त्यांच्याशी चकमक झाल्याचे अहवालही दिले. असे विमान सेवेत कधी नव्हतेच.

उंचावरून घेतलेल्या छायाचित्रांत अक्षरे नसतात, नाक नसते; तिथे मोजमापच हवे. इंग्लंडमधील मेडमेनहॅम येथे कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ ब्रिटिश हवाई दलाच्या विमान-ओळख विभागाच्या प्रमुख होत्या. १९४३ मध्ये पीनेमुंडे या जर्मन शस्त्रचाचणी केंद्राच्या छायाचित्रांत त्यांना शेपटीचे आडवे पंख नसलेली छोटी विमाने आढळली. नाव ठाऊक नसल्याने पंखांच्या सुमारे ३० फूट विस्तारावरून त्यांना ‘पीनेमुंडे ३०’ म्हटले गेले. ते मेसरश्मिट १६३ हे रॉकेट विमान होते. जवळच्या गवतावरचे काळे पट्टेही त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत: ते इंजिनाच्या झोताने करपलेले गवत होते. पुढे जुनी छायाचित्रे पुन्हा भिंगाखाली घेतली, तेव्हा मिलिमीटरहून लहान अशी एक क्रुसासारखी आकृती सापडली. तिला नाव पडले ‘पीनेमुंडे २०’. नोव्हेंबरअखेरच्या उड्डाणात घेतलेल्या चित्रात तीच आकृती उड्डाणाच्या तिरक्या मार्गिकेवर, समुद्राकडे तोंड करून बसलेली दिसली, आणि व्ही-१ या उडत्या बाँबची ओळख पक्की झाली.