काच घरापासून किती दूर थांबते?

घरी इंटरनेट घेताना डीएसएल, केबल की फायबर असा प्रश्न पडला की आपल्या डोळ्यांसमोर तीन वेगवेगळी जाळी येतात. प्रत्यक्षात तिन्हींचा बहुतेक प्रवास एकाच प्रकारच्या वाटेने होतो. समुद्राच्या तळाशी असो की दोन शहरांच्या मध्ये, माहिती काचेच्या तंतूंतूनच धावत असते. फरक पडतो तो शेवटच्या टप्प्यात. ही काच तुमच्या घराच्या किती जवळ येते आणि तिथून पुढे कोणती तार लागते, हा माझ्या मते पहिला प्रश्न. वेगाचा आकडा त्यानंतरचा.

डीएसएल चालतं टेलिफोनच्या तारेवर. तांब्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या की बाहेरचा विद्युत गोंगाट कमी शिरतो. या युक्तीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये घेतलं. फोनवरच्या बोलण्याला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुरतो, पण तांबं त्याच्या कितीतरी वरच्या कंप्रता (फ्रिक्वेन्सी) वाहून नेऊ शकतं. त्या रिकाम्या जागेत इंटरनेट बसवणं म्हणजे डीएसएल. १९९९ च्या एडीएसएल या डीएसएलच्याच एका मानकाने सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंतची जागा वापरली आणि तिचे २५६ अरुंद पट्टे पाडले, प्रत्येक सव्वाचार किलोहर्ट्झहून किंचित रुंद.

मॉडेम चालू केल्यावर त्याचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो, तेव्हा आत हेच काम चाललेलं असतं. तो पट्ट्यामागून पट्टा तपासतो, कुठे गोंगाट किती आहे ते मोजतो आणि स्वच्छ पट्ट्यावर एका वेळी १५ बिटपर्यंत (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) माहिती लादतो. गढूळ पट्ट्यावर दोन-तीन बिट, फारच वाईट असेल तर काहीच नाही. म्हणजे प्रत्येक घराच्या तारेसाठी वेगळी जुळणी. जुन्या, गंजलेल्या, कुणीतरी कधीतरी जोड दिलेल्या तारेतून काम काढून घेण्याची ही हिकमत मला आजही थक्क करते.

पण अंतरापुढे तिचं काही चालत नाही. तार लांबली की सिग्नल क्षीण होतो आणि सगळ्यात आधी मरतात त्या वरच्या कंप्रता, म्हणजे वेग देणारेच पट्टे. एडीएसएल२+ ही सुधारित आवृत्ती टेलिफोन केंद्राच्या शेजारी २४ एमबीपीएसच्या (सेकंदाला २४ मेगाबिट) आसपास जाऊ शकतं, चार-पाच किलोमीटरवर मात्र एक-दोन एमबीपीएस मिळाले तरी पुष्कळ. हे अंतर नकाशावरचं सरळ अंतर नव्हे, तार गल्लीबोळांतून जशी वळत येते तसं मोजायचं. त्यापुढच्या मानकांपैकी व्हीडीएसएल२ ने १०० एमबीपीएसची मजल मारली, जी.फास्टने १ गिगाबिटची, म्हणजे हजार एमबीपीएसची. पण पहिलं काही शे मीटरवर आणि दुसरं जेमतेम शंभरेक मीटरवर. तांब्याने वेग वाढवला तो असा: उरलेली वाट काचेच्या हवाली करून, स्वतः आखूड होत होत.

इथेच ग्राहकाची फसगत होते. ‘फायबर’ म्हणून विकलेल्या काही जोडण्यांत काच रस्त्यावरच्या पेटीत थांबते आणि पुढे जुनी टेलिफोनची तारच असते. म्हणून थेट विचारावं: फायबर माझ्या घरात येणार की रस्त्यावरच्या पेटीपर्यंत? डीएसएल आधीच असेल तर मॉडेमच्या माहितीपानावर ‘लाइन अटेन्युएशन’ बघा, म्हणजे तारेत सिग्नल किती क्षीण होतो त्याचं डेसिबलमधलं माप. २० डेसिबलच्या खाली असेल तर तार उत्तम, ५० च्या पुढे असेल तर महागडी योजना घेऊनही वेग वाढणार नाही. तिथे पैसे घालवू नका.

केबलची तार टीव्हीसाठी टाकलेली. मध्ये तांब्याचा गाभा, भोवती विद्युतरोधक थर आणि त्यावर धातूचं जाळीदार वेष्टन. या वेष्टनामुळे ती १ गिगाहर्ट्झपर्यंतच्या कंप्रता सहज पेलते, टेलिफोनच्या तारेच्या कैक पट. डॉक्सिस नावाच्या मानकामुळे १९९७ पासून तिच्यावर इंटरनेट आलं, आणि २०१३ च्या ३.१ आवृत्तीत डाउनलोडची कागदोपत्री मर्यादा १० गिगाबिटपर्यंत पोचली. ही कमाल पूर्ण तारेची, एका घराची नव्हे. वस्तीतल्या एका नोडपर्यंत, म्हणजे वाटपाच्या पेटीपर्यंत, काच येते आणि तिथून निघालेली तार कित्येकदा शेकडो घरं वाटून घेतात. त्यामुळे रात्री आठ-नऊला सगळे एकदम व्हिडिओ लावतात तेव्हा दुपारचा वेग टिकेलच असं नाही.

केबलचं खरं दुखणं मात्र परतीच्या वाटेवर आहे. टीव्हीचं प्रसारण एकाच दिशेने वाहायचं, घराकडे. घराकडून उलट पाठवायला तळाशी एक छोटी पट्टी राखून ठेवली होती, कित्येक जाळ्यांत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच. रेडिओ, मोटारी, विजेची उपकरणं यांचा गोंगाटही नेमका याच भागात जास्त. त्यात भर अशी की सगळ्या घरांच्या तारा नोडपाशी एकत्र येतात, म्हणून प्रत्येक घरात शिरलेला गोंगाटही तिथे साचतो. एखाद्याच्या टीव्हीमागचा सैल कनेक्टर अख्ख्या वस्तीचं अपलोड बिघडवू शकतो, आणि तंत्रज्ञाला तो शोधायला घरोघर फिरावं लागतं. डॉक्सिस ४.० परतीची वाट चांगली रुंद करतं, पण त्यासाठी वाटेतले ॲम्प्लिफायर आणि उपकरणं बदलावी लागतात.

अपलोडला एवढं महत्त्व का द्यायचं? फोनमधले ५० गिगाबाइट फोटो क्लाउडवर चढवायचे आहेत असं समजा. एडीएसएलवर अपलोड साधारण १ एमबीपीएस मिळतं. त्या वेगाने साडेचार दिवसांहून जास्त लागतील, आणि तेही लाइन पूर्ण वेळ त्याच कामाला जुंपली तर. १० एमबीपीएसवर अकरा तास, १०० वर तासाभराहून थोडं जास्त. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याला तुमचा चेहरा अडखळत दिसतो, तोही बहुतेक वेळा अपलोड गच्च भरल्यामुळेच. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा डाउनलोडचा असतो, आणि तोही बिटमध्ये. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट.

आता फायबर. काचेतून प्रकाश लांब पाठवता येईल हे १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं, तेव्हा उपलब्ध काचेत प्रकाश काही मीटरमध्येच मावळायचा. दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, असं काओ यांचं म्हणणं होतं. किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत घट आणली तर काम होईल, म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी पुरे, असा त्यांचा हिशोब. १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकन काचकंपनीच्या शास्त्रज्ञांनी घट त्या आकड्याच्याही खाली आणली. आजच्या तंतूत ही घट किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक! काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

घरगुती फायबरही वाटूनच घेतलेलं असतं, हे अनेकांना माहीत नसतं. जीपीऑन या प्रचलित पद्धतीत केंद्रातून आलेल्या एका तंतूतला प्रकाश वीज न लागणाऱ्या स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत विभागतो. खाली येणारी माहिती सगळ्यांच्या घरातल्या फायबरच्या पेटीपर्यंत पोचते, पण ती कूटबद्ध असते आणि प्रत्येक पेटी आपली तेवढीच उचलते. वर जाताना सगळे एकदम बोलले तर गोंधळ होईल, म्हणून केंद्र प्रत्येक घराचं अंतर प्रकाशाच्या ये-जा वेळेवरून मोजतं आणि कुणी नेमकं कधी बोलायचं ते ठरवून देतं. खाली सुमारे २.५ गिगाबिट आणि वर १.२५ गिगाबिट ही क्षमता मिळून वापरायची. नव्या एक्सजीएस-पीऑनमध्ये दोन्ही दिशांना १० गिगाबिट. विशेष म्हणजे जमिनीतला तंतू तोच राहतो, फक्त दोन टोकांची उपकरणं आणि प्रकाशाचा रंग बदलतो. काच एकदा टाकली की वेग वाढवायला पुन्हा खणावं लागत नाही, आणि माझ्या लेखी फायबरचा हाच सगळ्यात मोठा गुण. काच वीज वाहत नसल्यामुळे पावसाळी विजांचा लोंढाही तिच्यातून मॉडेमपर्यंत येत नाही. घरातली वीज गेली की मात्र भिंतीवरची पेटीही बंद, तिला छोटा यूपीएस जोडून ठेवावा.

तेव्हा फायबर खरोखर घरात येत असेल तर मी दुसरं काही बघणार नाही, अगदी त्यातली सगळ्यात कमी वेगाची योजना घ्यावी लागली तरी. ते नसेल तर निवड घरातल्या कामावर आहे. नुसते चित्रपट आणि मालिका बघायच्या असतील तर केबल झकास. ४के व्हिडिओला २५ एमबीपीएस पुरतात. घरातून काम, मोठ्या फायली पाठवणं, दिवसभर कॉल असं असेल आणि रस्त्यावरची पेटी दीड-दोनशे मीटरवर असेल, तर व्हीडीएसएल आणि केबल यांचे अपलोडचे आकडे शेजारी ठेवून बघा. डीएसएलमध्ये शेवटची तार फक्त तुमची असते, म्हणून लाइनचा वेग संध्याकाळी सहसा ढळत नाही. केबलवाल्या शेजाऱ्याला रात्री नऊला वेग मोजून दाखवायला सांगा. त्याचा तो आकडा कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरा.

जोडणी आल्यावर पहिली चाचणी वाय-फायवर करू नका. दोन भिंतींपलीकडे वाय-फाय निम्म्याहून खाली येऊ शकतं आणि दोष लाइनच्या माथी बसतो. लॅपटॉप इथरनेट केबलने राउटरला जोडा, बाकीची उपकरणं बंद करा आणि सकाळी एकदा, रात्री एकदा, असं दोन-तीन दिवस मोजा. डाउनलोड, अपलोड आणि पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) तिन्ही लिहून ठेवा. मोठी फाइल चढत असताना पिंग पुन्हा बघा. एरवी १५ मिलिसेकंद असलेला पिंग तेव्हा ३०० वर गेला, तर लाइनचा वेग कमी नाही, मॉडेम किंवा राउटरमध्ये थांबलेल्या माहितीची रांग लांबते आहे. अशा वेळी रांगेचं नियोजन करणारा राउटर घ्यावा. महागड्या योजनेने हे दुखणं बहुतेकदा जात नाही.